कमरेला बांधलेलं हँडल

आमच्या कंपनीत 'पोर्टेबल' या शब्दाची व्याख्या एका फोटोने ठरवली. यंत्र अजून कागदावर होतं तेव्हाच त्याचं माहितीपत्रक छापून आलं होतं. त्यात इस्त्रीच्या गणवेशातला एक देखणा मॉडेल एका हातात आमचं यंत्र धरून अँब्युलन्समधून हसत हसत उतरतो आहे. हसू अगदी खरं होतं, कारण हातातली पेटी रिकामी होती. पंप नाही, बॅटरी नाही, नळ्या नाहीत. मानेसरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रंगवलेलं नुसतं प्लास्टिकचं कवच. ते फोटोच्या स्टुडिओत गाडीतून मीच नेलं होतं. आणि "जरा दम लागल्यासारखं करा, पण फार नको" अशी सूचना त्या मॉडेलला देणाराही मीच होतो. त्यानंतरची काही वर्षं आम्ही इंजिनियर मंडळी त्या फोटोची बरोबरी करायचा प्रयत्न करत होतो.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. एखाद्याचं हृदय किंवा फुफ्फुसं बंद पडायला आली, की त्याच्या जाड शिरेतून काळपट रक्त बाहेर काढायचं, पंपाने पुढे ढकलायचं, एका डब्यात त्याला प्राणवायू पाजायचा आणि लाल झालेलं रक्त परत शरीरात सोडायचं. तेवढा वेळ हृदय आणि फुफ्फुसं सुट्टीवर. मोठ्या इस्पितळांत हे यंत्र असतं, पण ते भिंतीतल्या प्लगला बांधलेलं असतं, आणि माणसं प्लगजवळ आजारी पडत नाहीत. ती पानिपतच्या हायवेवर पडतात, फरिदाबादच्या दोन खोल्यांच्या नर्सिंग होममध्ये पडतात, सोळाव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पडतात. तिथपर्यंत यंत्र न्यायचं आणि यंत्रासकट माणूस मोठ्या इस्पितळात आणायचा, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप. काम उदात्त होतं, यात शंका नाही. आमच्या डायरेक्टर साहेबांच्या प्रत्येक भाषणात ते उदात्त असे, आणि भाषणानंतर ते आम्हाला विचारत, "वेट कितना हुआ?"

वजन कधीच हवं तितकं होत नव्हतं. आम्ही स्टीलचं अॅल्युमिनियम केलं, दोन बॅटऱ्यांची एक केली, पडद्याची चौकट बारीक केली. शेवटी उरलं हँडल.

हँडल म्हणजे नुसता दांडा नव्हे. वीज नाही, बॅटरी मेली किंवा मोटार जळाली, तर मोटारीवरचा पंप काढून या हँडलवर चढवायचा आणि हाताने फिरवत राहायचं. पूर्वी घरोघरी पॉटमधलं आइस्क्रीम फिरवत, तसंच. आत दातेरी चाकं असल्यामुळे ती एक चांगली जड डबी होते. इतकं आधुनिक यंत्र, त्यात इतके सेन्सर, आणि त्याचा शेवटचा आधार म्हणजे कुणाचा तरी दंड. आमच्या साहेबांना ही गोष्ट मुळीच आवडत नसे. माहितीपत्रकात त्यांनी हँडलचा उल्लेख करू दिला नव्हता.

ते हँडल यंत्रावरून काढायची युक्ती माझी. ती कुठून सुचली हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

माझे वडील नागपूरहून दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत आले आणि आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. दरवर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला, दीक्षाभूमीवर जात असू. तिथे पुस्तकांची दुकानं लागतात, रांगाच्या रांगा, आणि आमच्या घरात कपडे मागितले तर चर्चा होत असे, पुस्तक मागितलं तर होत नसे. परतताना बॅग उचलवत नसे. रेल्वेचा जमाना होता तोवर ठीक होतं. पुढे मी कमावता झालो आणि आईला विमानाने नेऊ लागलो, तेव्हा काउंटरवरच्या काट्याने गोंधळ केला. आईने त्यावर एका फेरीत उपाय शोधला. ती वडिलांचा दिल्लीच्या थंडीतला लोकरी ओव्हरकोट बरोबर न्यायला लागली. परतीच्या दिवशी, नागपूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, तो कोट अंगावर. खिशांत पुस्तकं, अस्तराच्या आत पुस्तकं, पोटाशी ओढणीने बांधलेली पितळेची बुद्धमूर्ती. बॅग काट्यावर जायची आणि अगदी कायद्यात बसायची.

"आई, घाम बघ किती आलाय," मी म्हणायचो.

"येऊ दे. घामाचं वजन करतात का?"

"मला बरं नाही वाटत हे."

"तुला कधी बरं वाटतं? तू जन्मलास तोच माफी मागत. चल, पुढे हो, आणि चेहरा सरळ ठेव. तुझ्याकडे बघून त्यांना संशय येईल."

कोटाचं वजन कुणी करत नाही. हे तत्त्व मी माझ्या शिक्षणाच्या खर्चाने नव्हे, आईच्या घामाने शिकलो, आणि आढावा बैठकीत साहेबांनी तिसऱ्यांदा "हँडल का कुछ कीजिए" म्हटल्यावर ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी सुचवलं की हँडल, चिमटे, जादा नळ्या हे सगळं यंत्रावर कशाला? एक जाड कंबरपट्टा शिवून घेऊ. यंत्राबरोबर जाणारा माणूस तो बांधेल. काट्यावर यंत्र ठेवतात, माणूस ठेवत नाहीत.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. संध्याकाळी केक आला. दिल्लीच्या ऑफिसात कुणाचं काही चांगलं झालं किंवा कुणी नोकरी सोडली, की केक येतो. मला सुरी धरायला लावली. यंत्र एका माणसाने उचलण्याजोगं झालं होतं आणि ती कामगिरी माझी होती.

केक न खाणारी एकच व्यक्ती होती. जे इस्पितळ आमचं यंत्र पहिल्यांदा वापरणार होतं, त्यांच्याकडून आमच्याबरोबर काम करणारी परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं यंत्र सांभाळणारी बाई. मूळ लातूरची. दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की जी घाईची जवळीक होते, तशी आमची झाली होती. मी तिला मॅडम म्हणत असे, ती मला सर. रागावली की सरचं दादा होई.

"दादा, हँडल मशीनला हवं. माझ्या कमरेला कशाला?"

"तुम्ही मशीनपासून लांब थोड्याच जाणार?"

"मी मशीनला शिवलेली नाहीये. मला जिने असतात, दारं असतात, नातेवाईक असतात. एकजण तरी माझा हात धरून विचारतोच, वाचेल ना म्हणून."

"पण तुम्ही असालच ना जवळ, बिल्कुल जवळ."

"बरं," ती म्हणाली. "पट्टा तरी चांगला शिवा. आणि मोठ्या मापाचा. दिल्लीच्या छोले-भटुऱ्यांनी माझं माप बदललंय."

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं होतं. तरीही मी पट्ट्याला मऊ अस्तर लावून घेतलं. माझ्या अपराधी भावनेची पोच तेवढीच असते: चूक दुरुस्त करत नाही, तिला अस्तर लावते.

पुढच्या महिन्यापासून इस्पितळ खरे पेशंट या यंत्रावर आणणार होतं. त्याआधी एक अट होती. रंगीत तालीम खऱ्या इमारतीत व्हायला हवी, वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर नाही. मी म्हटलं, आमच्या सोसायटीत करू. गुडगावच्या नव्या सोसायट्यांपैकी ती एक. मी सातव्या मजल्यावर राहतो. आणि पेशंट? पेशंटही मीच झालो. घर आपलं, यंत्र आपलं, मग मरणारा बाहेरून कशाला बोलवायचा?

रविवारी सकाळी मी ट्रॅक पँट घालून बेडरूममध्ये आडवा पडलो. मांडीवर पँटवरूनच दोन नळ्या चिकटपट्टीने लावायच्या होत्या, आणि त्या पोटावर ठेवलेल्या पाण्याच्या पिशवीला जोडायच्या होत्या. पाणी फिरतंय हे दिसावं म्हणून रंग हवा होता. बायकोने बीट उकडलं. ती केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे, तिला रंगीत तालमींची सवय आहे.

"चादरीवर सांडलं तर खरंच मरशील," ती म्हणाली.

"तू रडणार नाहीस का? नातेवाईक म्हणून भूमिका आहे तुझी."

"रविवार आहे. बाई यायचीय. लवकर मर."

अँब्युलन्स खाली गेटवर आली आणि अडली. आमच्याकडे पाहुणा आत सोडायचा तर गार्ड अॅपवर विचारतो. माझा मोबाईल वाजला. पडद्यावर: अँब्युलन्स, आत सोडू का? हृदय बंद पडलेल्या पेशंटने उशीवरूनच 'होय' दाबलं. ही अडचण आमच्या जोखमींच्या यादीत नव्हती.

मग सगळे वर आले. परफ्युजनिस्ट मॅडम, कमरेला तो पट्टा, चालताना एका बाजूला किंचित कललेल्या. बरोबर रोहतककडचा एक उंच, धिप्पाड पॅरामेडिक. त्याने एका हातात यंत्र आणलं होतं आणि हे पाहून माझी छाती, बंद पडलेली असूनही, फुगली. नळ्या जोडल्या, पंप सुरू झाला, बिटाचं पाणी माझ्या पोटावरून निघून यंत्रात जाऊन परत यायला लागलं. मला स्ट्रेचरवर घेतलं. यंत्र माझ्या पायांमध्ये. लिफ्टपर्यंत सगळं माहितीपत्रकासारखं झालं.

मोठी लिफ्ट मिळाली नाही. कुणाचं तरी घर बदलणं चालू होतं. लिफ्टला आतून गाद्या लावलेल्या आणि तिच्यात एक फ्रिज आडवा. सामानवाल्यांनी ती दुपारपर्यंत बुक केली होती. म्हणजे छोटी लिफ्ट. छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर सरळ जात नाही, म्हणून पाठीकडचा भाग उचलून मला बसतं केलं. तरी स्ट्रेचर, यंत्र आणि तो धिप्पाड माणूस एवढ्यानेच ती भरली. मॅडम बाहेर राहिल्या.

"तुम्ही चला, मी मागून येते," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं. दार पूर्ण लागायच्या आधी त्यांचा हात कमरेकडे गेलेला मी पाहिला. मलाही त्याच क्षणी कळलं. पण दारं अशा वेळी फार कार्यक्षम असतात.

लिफ्ट सुटताना एक हिसका बसला. स्ट्रेचर बाजूच्या आडव्या दांडीवर आदळला, आणि दांडीने यंत्राच्या बॅटरीचा खटका दाबला. बॅटरी अर्धी बाहेर आली. पंप थांबला, अलार्म वाजायला लागला. त्या अलार्मचा आवाज मीच निवडला होता. फार कर्कश नको, नातेवाईक घाबरतात, असं म्हणून. तो खरंच फार सौम्य आहे.

पॅरामेडिकने बॅटरी आत ढकलून पाहिली. ती दांडी आणि स्ट्रेचरच्या मध्ये अडकली होती; स्ट्रेचर सरळ झाल्याशिवाय सरळ होणार नव्हती आणि स्ट्रेचर लिफ्टबाहेर पडल्याशिवाय सरळ होणार नव्हता. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या कमरेकडे, मग माझ्याकडे.

"सर, हैंडल तो मैडम के पास है।"

"हो," मी म्हणालो. मला हिंदी सुचेना.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात एक बाई, पट्ट्याला बांधलेलं पांढरं कुत्रं. तिने आम्हाला पाहिलं.

"नीचे जा रही है?"

"जी, मैडम," पॅरामेडिक म्हणाला.

"अच्छा। मैं अगली ले लूँगी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "गुड मॉर्निंग जी।" मी मान हलवली.

दार पुन्हा लागलं. नळीत एक बारीक बुडबुडा होता. पंप चालू असताना तो सारखा धावत होता. आता माझ्या गुडघ्याजवळ येऊन उभा राहिला. आजूबाजूचं पाणी स्वच्छ, लाल आणि स्थिर. पंप थांबल्यावर माणसाच्या मेंदूला किती वेळ मिळतो हे मला पाठ आहे. त्याचा तक्ता माझ्या टेबलासमोर लावलेला आहे आणि बॅटरीचं गणित मी त्यावरूनच केलं होतं. त्या तक्त्याकडे मी इतकी वर्षं बसून पाहिलं होतं. आज त्याच्या दुसऱ्या बाजूला होतो. आणि पुढच्या महिन्यात या जागी कुणीतरी असणार होतं, ज्याच्या नळीत बीट नसणार होतं. बुडबुडा हलेना. मला तो हलावा असं फार वाटत होतं, म्हणून मी पाय हलवला. बुडबुडा हलला, आणि मला माझीच लाज वाटली.

खाली पोचलो. स्ट्रेचर बाहेर निघाला, बॅटरी बसली, पाणी फिरायला लागलं. पुढच्या फेरीची लिफ्ट आली तेव्हा आधी कुत्रं बाहेर आलं, मग ती बाई, मग मॅडम. पॅरामेडिकच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. त्यांनी पट्टा सोडला आणि माझ्या पोटावर, बिटाच्या पिशवीशेजारी ठेवला.

"घ्या दादा. तुमचं वजन."

साहेबांना मी तिथूनच फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ये तो लिफ्ट का इश्यू है," ते म्हणाले. "मशीन का थोड़ी है।"

"पण सर, हँडल..."

"आप ज़िंदा हैं ना? बात कर रहे हैं ना? तो चलो।"

मी "जी सर" म्हणालो. माझं "जी सर" हे तसं फार हलकं, खऱ्या अर्थाने पोर्टेबल यंत्र आहे.

दुपारी बायको चादरीवरचा बिटाचा डाग घासत होती. सांडलंच होतं.

"सांगितलंस त्यांना, की असं देता येणार नाही?"

"सोमवारी इस्पितळाची डॉक्टर मंडळी येणारेत. त्यांच्यासमोर पाहू."

"म्हणजे नाही सांगितलंस."

"सांगणार आहे."

"तुझं 'सांगणार आहे' मी लग्नापासून ऐकते," ती म्हणाली. "एकदा गीझरवाल्याला सांगणार होतास. तीन हिवाळे गार पाण्याने अंघोळ केली आपण. तो नुसता गीझर होता, म्हणून आपण जगलो."

मी वर्कशॉपमध्ये गेलो. रविवारी तिथे मी आणि भिंतीवरच्या सुरक्षेच्या घोषणा. हँडल परत यंत्रावर बसवलं, जिथे ते आधी होतं. बॅटरीचा खटका दांडीला लागणार नाही असा आतल्या बाजूला घेतला आणि त्याला स्टीलची पट्टी दिली. अॅल्युमिनियमची माया सोडली. मग यंत्र काट्यावर ठेवलं. जे व्हायचं ते झालं. एका हाताने उचलून दाराबाहेर नेऊन पाहिलं आणि पायऱ्यांच्या मध्यावर खाली ठेवलं. माझ्या पाठीने मत दिलं: दोन माणसं.

हे साहेबांना न सांगता करून ठेवलं, यात धैर्य काही नव्हतं. मनात कुठेतरी अशी आशा होती की सोमवारी कुणी उचलून पाहणार नाही, काम गुपचूप होऊन जाईल आणि मला काही बोलावं लागणार नाही. चांगली गोष्टही मी चोरीसारखीच करतो.

सोमवारी तीन डॉक्टर आले. साहेबांनी उदात्त भाग आटोपला आणि मुद्द्यावर आले.

"और सबसे बड़ी बात, वन मैन। एक आदमी उठाता है, एक आदमी चलाता है।"

"एकच माणूस?" त्यांतल्या सर्वांत वयस्कर डॉक्टरांनी विचारलं. ते हृदयाचे सर्जन. इस्पितळ यंत्र घेणार की नाही हे त्यांच्या मान डोलावण्यावर होतं. "आम्हाला द्यायच्या हमीपत्रातही तेच लिहून देताय?"

"बिल्कुल," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बताइए इन्हें।"

मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. पेनाचं टोपण काढत आणि लावत होत्या. मी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. मान तयारही झाली होती.

"दोन लागतात सर," मी म्हणालो.

साहेब हसले. "मतलब, एक्स्ट्रा सेफ्टी के लिए..."

"नाही सर. दोन लागतातच." आणि मग मी थांबलोच नाही. कंबरपट्ट्याची युक्ती कुणाची होती ते सांगितलं. वजन कमी झालं नव्हतं, मॅडमच्या कमरेवर गेलं होतं, हे सांगितलं. लिफ्ट सांगितली, थांबलेलं पाणी सांगितलं. आत मी होतो म्हणून त्याचा विनोद झाला, पुढच्या महिन्यात कुणी दुसरं असतं, हेही. रविवारी हँडल परत बसवलंय आणि आता यंत्र माहितीपत्रकातल्या वजनात बसत नाही, हे सगळ्यात शेवटी सांगितलं, साहेबांच्या टायकडे पाहत. मधून मधून माफी मागत होतो, नक्की कुणाची ते मलाही माहीत नाही.

वयस्कर डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात नाही घेणार आम्ही."

साहेबांनी डोळे मिटले.

"आधी मला हे दाखवा," डॉक्टर म्हणाले, "दुसरा माणूस गाडीत बसणार कुठे? स्ट्रेचरच्या उजवीकडे सिलिंडर असतो."

हा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. दुसरा माणूसच नव्हता, तर त्याच्या बसायच्या जागेचा विचार कोण करणार? सगळे खाली पार्किंगमध्ये गेलो. मॅडमनी यंत्राची एक बाजू धरली, मी दुसरी; हँडल दोघांच्या मध्ये. अँब्युलन्समध्ये चढवलं. मग सर्जन स्वतः आत शिरून, सुटाबुटात, गुडघे दुमडून वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून पाहायला लागले. "इथे नाही, गुडघा लागतो. इथे? इथे हात हँडलपर्यंत पोचतो. पण हा सिलिंडर काढा आधी."

ऑक्सिजनचा सिलिंडर काढला. तो उभा करायला पार्किंगमध्ये सपाट जागा नव्हती, आणि आम्हा दोघांचे हात आत मोजमापाला हवे होते. जवळ साहेब उभे होते. मॅडमनी तो त्यांच्या हातात दिला.

आत मोजमाप चालू झालं. सर्जन सांगत होते, मी पट्टी धरत होतो. बराच वेळ गेला. बाहेरून साहेबांचा आवाज आला.

"मैडम, ये कब तक पकड़ना है?"

"जब तक पेशंट ठीक न हो जाए, सर," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी सिलिंडर दुसऱ्या हातात घेतला.